चारशेची की चार हजारांची? वाईन चाखायची कशी, सुचवायची कशी

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटांत वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि महाराष्ट्रात वाईनवरून मोठा वाद पेटला. ती विकावी की विकू नये, यावर सगळे तावातावाने बोलले. ती ओळखायची कशी, याबद्दल मात्र कुणी फारसं बोललं नाही. आज घोडबंदर रोडवरच्या किंवा वाशी-सीवूड्सकडच्या एखाद्या मोठ्या वाईनच्या दुकानात गेलात तर चारशे रुपयांची आणि चार हजारांची बाटली एकाच फळीवर शेजारी उभी दिसेल. दोन्ही लाल, दोन्ही ७५० मिलिलिटरच्या. गिऱ्हाईक गोंधळतं आणि शेवटी किंमत बघून किंवा कानावर पडलेल्या नावावरून बाटली उचलतं.

यापेक्षा भरवशाची पद्धत आहे आणि ती कुणालाही शिकता येते. आधी तोंडात चार गोष्टी मोजायच्या, मग ताटात काय आहे ते बघायचं आणि किंमत सगळ्यात शेवटी विचारायची. दुसऱ्याला वाईन सुचवतानाही हाच क्रम ठेवायचा.

## द्राक्षापासून बाटलीपर्यंत

द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचा अल्कोहोल होतो. मूळ क्रिया एवढीच. रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजतात. २३ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण २३ ग्रॅम साखर, आणि एका ब्रिक्समागे अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त अल्कोहोल तयार होतो. म्हणून २३ ब्रिक्सला तोडलेल्या द्राक्षांची वाईन साडेबारा-तेरा टक्क्यांच्या आसपास जाते. जवळजवळ सगळी साखर संपली तर ती वाईन ‘ड्राय’ म्हणजे बिनगोडाची, थोडी उरली तर गोडसर.

आपण खातो ती थॉमसन सीडलेस वेगळी आणि वाईनची द्राक्षं वेगळी. वाईनच्या द्राक्षाचे मणी लहान, साल जाड, आत बिया. रंग आणि तुरटपणा सालीत असतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही गर फिकाच असतो. त्यामुळे रेड वाईन सालींसकट आठवडा-दोन आठवडे आंबवतात, रोझेला, म्हणजे गुलाबी वाईनला, सालींचा सहवास काही तासांचाच मिळतो आणि व्हाईटमध्ये साली आधीच बाजूला काढतात. स्पार्कलिंगचे बुडबुडे दुसऱ्यांदा आंबवण्यातून येतात. हे काम बाटलीतच झालं तर वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात; मोठ्या टाकीत झालं तर स्वस्तात होतं.

‘पोर्ट’बद्दलचा गैरसमज इथेच दूर केलेला बरा. पोर्तुगालच्या खऱ्या पोर्टमध्ये आंबण्याची क्रिया अर्ध्यावर असताना द्राक्षाचं स्पिरिट घालतात. त्यामुळे साखर उरते आणि अल्कोहोल १९-२० टक्क्यांवर जातो. आपल्याकडे त्या नावाने मिळणारी स्वस्त बाटली बहुधा नुसती गोड रेड वाईन असते. अनेकांनी आयुष्यातला पहिला घोट तिचाच घेतलेला असतो, म्हणून पुढे ड्राय रेड तोंडात गेली की ‘ही आंबली वाटतं’ असं म्हणतात. ती आंबलेली नसते, तिच्यात साखर नसते.

ठाण्याहून कसारा घाट चढून गेलं की इगतपुरी, नाशिक, दिंडोरी हा पट्टा लागतो. तिथे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. फळ कोरड्या थंडीत पिकावं म्हणून ही सगळी आखणी. तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. फ्रान्स-इटलीत ती बहुतांशी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. लेबलवरचं साल हे तोडणीचं साल असतं. म्हणजे एकाच सालाचा शिक्का असला तरी नाशिकची बाटली फ्रान्सच्या बाटलीपेक्षा सात-आठ महिन्यांनी मोठी. साधी व्हाईट आणि रोझे ताजेपणावरच उभ्या असतात, म्हणून त्या चालू किंवा मागच्या सालाच्याच घ्याव्यात. दुकानदाराने सूट लावून पुढे केलेली चार वर्षांपूर्वीची सॉव्हिन्यों ब्लाँ (त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाईट) सरळ परत ठेवावी.

## तोंडात मोजायच्या चार गोष्टी

आंबट, गोड, तुरट आणि अल्कोहोलची ऊब. वाईनबद्दल काहीही सुचवायचं तर या चार गोष्टी ओळखता आल्याच पाहिजेत आणि वाईन न उघडताही त्यांतल्या पहिल्या तीन शिकता येतात.

चार ग्लास घ्या. पहिल्या तिघांत २०० मिलिलिटर पाणी. पहिल्यात २० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे, लिंबाचा रस घाला. हा आंबटपणा साधारण वाईनइतका असतो. दुसऱ्यात अर्धा चमचा, म्हणजे दोनेक ग्रॅम साखर. तिसऱ्यात दोन्ही: तेवढंच लिंबू, तेवढीच साखर. चौथ्यात बिनदुधाचा चहा, २०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात दोन चमचे पावडर, दहा मिनिटं झाकून ठेवून गाळलेला आणि गार केलेला.

पहिला घोट थुंकून टाकल्यावर जिभेच्या कडांना लाळ सुटते. ती किती जोरात आणि किती वेळ सुटते, ते आंबटपणाचं माप. दुसऱ्यातली साखर सहज कळते. तिसऱ्यात तेवढीच साखर असून ती जवळजवळ गायब होते, कारण आंबट चव गोड चवीला झाकते. वाईनमध्ये रोज हेच घडतं. लिटरला दहा ग्रॅम साखर असलेली बाटली आंबटपणा चढा असेल तर ड्राय भासते आणि आंबटपणा कमी असेल तर चिकट गोड लागते. चौथा घोट हिरड्यांवर आणि गालांच्या आत कोरड धरतो. हे टॅनिन, म्हणजे साल, बिया आणि लाकडातून आलेला तुरटपणा. चहाने तोंड कुठे आवळतं ते नीट लक्षात ठेवा. रेड वाईन चाखताना तिथेच बघायचं.

अल्कोहोल गिळल्यानंतर घशात कळतो. साडेअकरा टक्क्यांची वाईन शांतपणे उतरते, साडेचौदाची छातीपर्यंत ऊब सोडते.

फळाच्या वासाची ड्राय वाईन नवख्याला गोड वाटते. शंका आली तर नाक चिमटीत धरून घोट घ्या. वास बंद झाला की खरी साखर किती ते कळतं.

चारही कळल्या की एकच प्रश्न उरतो: यांतली एखादी बाकीच्यांच्या अंगावर जातेय का? जात नसेल तर वाईन तोलात आहे. मग गिळल्यावर चव किती सेकंद टिकते ते मोजा. चार-पाच सेकंदांत पुसली गेली तर वाईन साधी. दहाच्या पुढे रेंगाळली आणि ती चव हवीहवीशी असली, तर बनवणाऱ्याने मेहनत घेतली आहे.

## नाकाचं काम

चवीचा मोठा भाग प्रत्यक्षात वास असतो. म्हणून ग्लास तोंडाशी निमुळता हवा आणि त्यात ५० मिलिलिटरपेक्षा जास्त ओतू नये. चाखण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय प्रमाणित ग्लास साधारण २१५ मिलिलिटरचा असतो तो यासाठीच; वरची मोकळी जागा वास साठवते. स्टीलचा पेला या कामाला चालत नाही. उदबत्ती, फोडणी, परफ्युम आणि हाताला लावलेलं सॅनिटायझर दूर ठेवा.

आधी ग्लास न हलवता एक हुंगणी. मग देठ धरून टेबलावरच तीन-चार वेळा गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. मग छोटा घोट तोंडभर घोळवा, ओठांतून थोडी हवा आत ओढा, थुंका किंवा गिळा आणि नाकाने श्वास सोडा. शेवटच्या उच्छ्वासात सगळ्यात जास्त कळतं आणि नेमकी तीच पायरी लोक गाळतात.

ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या रेषा बघून ‘भारी वाईन’ म्हणायची पद्धत आहे. त्या रेषा मुख्यतः अल्कोहोलमुळे येतात, दर्जाचं त्यांतून काही कळत नाही.

‘काळी मिरी, पेरू, सिमला मिरची हे वास वाईनमध्ये कुठून येणार? ही सगळी शब्दांची आतषबाजी,’ असा आक्षेप नेहमी येतो. वास खरेच असतात. शिराझ या काळ्या द्राक्षाच्या रेडमधला मिरीचा वास ज्या रेणूचा, तो रोटंडोन काळ्या मिरीतही असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली तो पकडला. सॉव्हिन्यों ब्लाँ आणि कॅबरने सॉव्हिन्यों ही रेड, यांतला हिरवा वास सिमला मिरचीतल्याच पायराझिनचा. गंमत म्हणजे साधारण पाचांतल्या एका माणसाला रोटंडोनचा वास येतच नाही. म्हणून ‘हिला मिरीचा वास आहे’ एवढ्या भांडवलावर कुणाला बाटली सुचवू नये. आंबट-तुरट-गोडाची मापं सांगितली तर ती जवळजवळ सगळ्यांना लागू पडतात.

## इथली हवा आणि बिघडलेली बाटली

रेड वाईन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी, हा सल्ला १६-१८ अंशांच्या युरोपातल्या घरांसाठी होता. ठाण्याच्या खोलीत ३० अंश असतात. त्या तापमानाला अल्कोहोलची वाफ नाकात जाते आणि फळ मागे पडतं. रेडची बाटली ओतण्यापूर्वी ३०-४० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. व्हाईट उलट: फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर, म्हणजे ती ८-१० अंशांवर येते. अति गार वाईनचा वास दबतो आणि रेड असेल तर तुरटपणा टोचतो. स्पार्कलिंग मात्र ६-८ अंशांना, म्हणजे फ्रीजमधून जवळपास थेट.

उष्णता हा आपल्याकडचा खरा शत्रू. परदेशी वाईन बहुतांशी न्हावाशेवा बंदरात उतरते. वाटेत, गोदामात किंवा दुकानाच्या काचेत ती तापली तर आतला द्रव फुगतो आणि बुचाला वर ढकलतो. म्हणून घेताना वरच्या कागदी-धातूच्या टोपीवरून अंगठा फिरवा. बूच वर आलेलं लागलं, कडेला चिकटपणा असला किंवा बाटली दिव्याखालच्या उबदार फळीवरची असली, तर दुसरी मागा. अशी वाईन शिजवलेल्या जॅमसारखी, बोथट लागते. आणि एप्रिल-मेमध्ये बाटली गाडीच्या डिकीत ठेवून मॉलमध्ये फिरू नका. उन्हातल्या बंद गाडीत तापमान ५० अंशांवर जाऊ शकतं.

बाकीचे दोष नाकानेच ओळखायचे. ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट वास आणि फळ पूर्ण गायब, तर बुचातून आलेला टीसीए नावाचा दोष. हवा दिली तरी तो जात नाही. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर आठवला तर जिवाणूंनी काम केलेलं असतं. व्हाईटचा रंग तपकिरीकडे झुकला आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आला, तर हवा लागली आहे. काडेपेटीचा वास मात्र बहुधा दहा मिनिटं ग्लास फिरवल्यावर उडून जातो, त्यासाठी बाटली परत करू नये. हॉटेलात आधी थोडी ओतून देतात ती हे दोष तपासायला. वाईन आवडली नाही हे तिथे कारण होत नाही. पुठ्ठ्याचा वास येतो हे होतं.

फिरकीचं झाकण म्हणजे स्वस्तातलं, ही समजूतही सोडावी. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाची बरीच उत्तम वाईन फिरकीच्याच झाकणाची असते, आणि तिथे बुचाचा दोष जवळपास उद्भवत नाही. आपल्या हवेत, घरात तळघर नसताना, मी तरी फिरकीचं झाकण आधी निवडीन.

## पैसे नेमके कशाचे?

वाईन ज्यात मुरवतात त्या ओकच्या लाकडी पिंपाचा हिशोब बघितला की चित्र स्पष्ट होतं. प्रमाण पिंप २२५ लिटरचं, म्हणजे ३०० बाटल्या. नवं फ्रेंच ओकचं पिंप साधारण ८० हजार ते लाखाच्या घरात पडतं. पहिल्याच भरणीवर सगळा खर्च टाकला तर बाटलीमागे साधारण २७० ते ३३० रुपये फक्त लाकडाचे. शिवाय वर्षभर पैसा अडकून राहतो. म्हणून स्वस्त बाटलीत लाकडाचा वास आला तर तो बहुधा टाकीत सोडलेल्या ओकच्या तुकड्यांचा असतो. त्यात फसवणूक नाही, पण चवीचा पोत वेगळा येतो. दुसरा मोठा खर्च वेलीवर कमी घड ठेवण्याचा: पीक घटतं, रस दाट होतो.

परदेशी बाटलीत पैसा वेगळीकडे जातो. आयात वाईनवर वर्षानुवर्षं सर्वसाधारणपणे १५० टक्के शुल्क राहिलं आहे. बंदरात ४०० रुपयांना पडलेली बाटली शुल्कासह हजाराची होते. त्यावर राज्याचे कर, आयातदार, वितरक आणि दुकानदार यांचा वाटा चढला की ती दोन हजारांच्या आसपास फळीवर येते. आत वाईन मात्र चारशेचीच. डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारामुळे पाच अमेरिकी डॉलरपेक्षा जास्त आयात किमतीच्या ऑस्ट्रेलियन बाटल्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरतं आहे, त्यामुळे त्या फळीकडे लक्ष ठेवण्यात अर्थ आहे.

भाव बदलत राहतात, तरी ढोबळ अंदाज देता येतो. चारशे-सहाशेत मिळते ती बहुतांशी गोडसर किंवा अगदी साधी रेड. सांग्रियाला (वाईनमध्ये फळं घालून केलेलं पेय) किंवा स्वयंपाकाला ठीक. सातशे ते बाराशेत नाशिकची ताजी शेनिन ब्लाँ (हीही एका द्राक्षाच्या नावाची व्हाईट), सॉव्हिन्यों ब्लाँ, रोझे आणि पिंपाविना केलेली शिराझ. पैशाचं मोल सगळ्यात जास्त याच टप्प्यात मिळतं, असं माझं ठाम मत आहे. बाराशे ते अडीच हजारांत पिंपात मुरवलेल्या रेड आणि बाटलीत आंबवलेल्या ब्रूट स्पार्कलिंग येतात. ब्रूट म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. दिंडोरीची शाँदों, सुलाची ब्रूट, अकलूजच्या फ्रातेल्लीच्या वरच्या श्रेणीतल्या रेड याच टप्प्यात शोधाव्यात. दीड हजाराच्या आत परदेशी बाटली घेण्यापेक्षा नाशिकची घ्यावी. तीन हजारांच्या पुढे तुम्ही दुर्मीळपणाचे आणि नावाचे पैसे मोजू लागता. ते मोजायला हरकत नाही, पण चव तिप्पट होणार नाही.

## आंबेवाला विचारतो ते प्रश्न

वाशीच्या मार्केटमधला चांगला आंबेवाला पेटी दाखवण्याआधी विचारतो, ‘आज खायचेत की चार दिवसांनी? रसाला की कापून?’ वाईन सुचवणाऱ्यानेही तेच करावं. ‘कोणती चांगली?’ या प्रश्नाला उत्तर देऊ नये. उलट विचारावं: कशाबरोबर, किती जणांना, चहा किती गोड घेता, बजेट काय, आणि बाटली आज उघडणार की भेट द्यायचीय? कोरा कडक चहा आवडणाऱ्याला तुरट रेड रुचण्याची शक्यता जास्त. गोड चहावाल्याला थोडी साखर राखलेली शेनिन ब्लाँ द्या. सुलाची त्याच धाटणीची आहे.

ताटाचे नियम थोडे आहेत. तिखटाने अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही भडकतात. गोडसरपणा आणि गारवा त्यांना शांत करतात. मीठ आणि आंबट वाईनला मऊ करतात. गोड पदार्थाबरोबरची वाईन त्या पदार्थाहून गोड हवी.

म्हणून तळलेल्या बोंबलांबरोबर गार सॉव्हिन्यों ब्लाँ किंवा ब्रूट. माशाबरोबर रेड घेतल्यावर तोंडात धातूसारखी चव येते, ती उगाच नाही: जपानी संशोधकांना २००९ साली आढळलं, की वाईनमधलं लोह जितकं जास्त तितका तो माशाळ पदर जास्त. आगरी मसाल्याच्या चिंबोरी रश्शाला रोझे किंवा गोडसर शेनिन. सुक्या मटणाला, कबाबाला, खोबरं-शेंगदाण्याच्या भरल्या वांग्याला शिराझ. स्निग्धता टॅनिनला आवरते. कोथिंबीर वडीला पुन्हा सॉव्हिन्यों ब्लाँ, हिरव्याला हिरवं जुळतं. पुरणपोळीला उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, ‘लेट हार्वेस्ट’ लिहिलेली गोड वाईनच. ड्राय दिली तर ती लिंबासारखी लागेल. आणि ठाण्याची झणझणीत मिसळ? तिच्याबरोबर ताक प्या. तिथे कुठलीच वाईन टिकत नाही.

## ‘महाग तीच चांगली ना?’ आणि इतर शंका

२००८ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. एकच वाईन कधी १० डॉलरची तर कधी ९० डॉलरची म्हणून लोकांना दिली. ९० ऐकल्यावर ती जास्त आवडलीच, शिवाय मेंदूतल्या सुखाशी निगडित भागातली हालचालही वाढलेली दिसली. किंमत ऐकूनच चव बदलते. डोळेही फसवतात: २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या प्रयोगात ५४ विद्यार्थ्यांनी लाल रंग मिसळलेल्या व्हाईट वाईनचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं, आणि ते सगळे वाईनशास्त्रच शिकत होते.

जुनी वाईन चांगली? थोड्याच वाईन मुरायला बनतात, आणि त्यांनाही १२-१५ अंशांची अंधारी जागा लागते. बैठकीच्या शोकेसमध्ये दहा वर्षं उभी ठेवलेली बाटली मुरत नाही, मरते.

वाईन म्हणजे दारू नव्हे? साडेबारा टक्क्यांच्या १५० मिलिलिटर वाईनमध्ये १५ ग्रॅम अल्कोहोल असतो. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १०. म्हणजे एक ग्लास वाईन ही दीड छोट्या पेगइतकी. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं आहे. हृदयासाठी म्हणून वाईन कुणालाही सुचवू नये. महाराष्ट्रात वाईनसाठी वय २१ पूर्ण लागतं आणि पिण्याचा परवानाही. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो.

## घरच्या घरी झाकून चाखणं

चार-सहा जण जमा. एकाच जातीच्या तीन बाटल्या आणा, समजा शिराझ: आठशेची, दीड हजाराची, अडीच हजाराची. एकाने दुसऱ्या खोलीत त्या वर्तमानपत्रात गुंडाळून आकडे टाकावेत. प्रत्येकी ५० मिलिलिटर ओतलं तर एका बाटलीत १५ वाटे होतात. थुंकायला पेला, मध्ये पाणी आणि बिनमसाल्याचा पाव ठेवा. निरनिराळ्या प्रकारांच्या बाटल्या असतील तर क्रम असा: स्पार्कलिंग, व्हाईट, रोझे, हलकी रेड, भारी रेड, गोड. प्रत्येकाने न बोलता आंबट, गोड, तुरट, ऊब आणि सेकंद लिहावेत. मोठ्याने बोलणारा पहिला माणूस बाकीच्यांची चव बदलून टाकतो.

मग त्रिकोणी चाचणी करा. दोन ग्लासांत एकच वाईन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कोणता ते ओळखायचं. निव्वळ अंदाजाने तीनात एकदा बरोबर येईल, म्हणून एकाच माणसाला ग्लासांची जागा बदलून पाच-सहा वेळा द्या. आठशेची आणि दीड हजाराची वेगळी ओळखता आली नाही, तर तुमच्यासाठी आठशेचीच घ्यायची. आली, पण आठशेचीच जास्त आवडली, तरीही आठशेचीच.

उरलेली वाईन झाकण घट्ट लावून, रेडसुद्धा, फ्रीजमध्ये उभी ठेवा. बाटलीवर पेनाने उघडल्याची तारीख टाका. व्हाईट आणि रेड तीन-चार दिवस चांगल्या राहतात. स्पार्कलिंगला तिचं खास झाकण लागतं आणि तेही दुसऱ्या दिवसापर्यंतच तग धरतं. चौथ्या दिवसानंतरची रेड मटणाच्या रश्शात घाला, वाटीभर पुरे, आणि अल्कोहोलचा वास बराच कमी होईपर्यंत झाकण न ठेवता उकळू द्या.